घरच्या पोरीचं माप

९ जानेवारी

लिहायची हौस म्हणून ही वही उघडलेली नाही. दुकानातलं निळं कापड कमी होतंय आणि माझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून लिहून ठेवायचं ठरवलंय. चोर सापडला की वही बंद.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, कापायचं टेबल, एक आरसा, आणि माप घ्यायला कोपऱ्यात पडदा. काम एकच, समोरच्या शाळेचे गणवेश. त्या शाळेचं निळं इतकं विचित्र आहे की त्या कापडाचा दुसरा कसलाच उपयोग नाही. घराला त्याचे पडदे लावले तर आतून शाळेची घंटा वाजेल असं वाटतं. मग ते चोरून कोणी करणार काय? गणवेशच करणार. म्हणजे माझ्याच कापडावर माझीच गिऱ्हाइकं कोणीतरी पळवतंय.

दुकानात काम करणारी माणसं दोन. एक मी. मी माझं कापड चोरत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

दुसरी काजेवाली. काजं, बटणं, हुक, दुमड्या, सगळं हातकाम तिच्याकडे. वीस वर्षांचीही नाही आणि पदरात तीन वर्षांची पोर. लग्नाचा पत्ता नाही. शाळेत असतानाच दिवस गेले, शाळेने नाव काढलं, आईने घराबाहेर काढलं. कुठे कोणी कामाला ठेवत नव्हतं तेव्हा मी ठेवली. अर्ध्या मजुरीवर, पण ठेवली. तिची पोर दिवसभर टेबलाखाली चिंध्यांशी खेळते, म्हणून मी तिला चिंधीच म्हणते. एवढं करून जर ती असे पांग फेडणार असेल, तर धन्य आहे.

१३ जानेवारी

निळ्या कापडाच्या थानाच्या कडेला आतून खडूची बारीक खूण करून ठेवली. माझ्याशिवाय कोणाला दिसणार नाही.

१५ जानेवारी

खूण गेली. खुणेसकट एक पट्टी कापून नेली आहे, हाताएवढी लांब, चार बोटं रुंद. कापलीय मात्र अगदी सुतात. हात शिकलेला आहे, आणि तो मीच शिकवलाय.

काजेवालीकडे दिवसभर बघत होते. ती मान खाली घालून काजं करत होती. चोर कधी मान वर करून बसतो का?

२० जानेवारी

नव्या वर्षाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. आज मापं घेऊन कंबरडं मोडलं. प्रत्येक आईचं एकच म्हणणं, जरा मोठं शिवा, वर्षभर पुरलं पाहिजे. माझंही उत्तर एकच, "दाब भरपूर सोडलाय, पोर अजून वाढायचीय." शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलं की पोर वाढेल तसं उसवून मोठं करता येतं. कोपऱ्यावरचा शिंपी दाब सोडत नाही आणि दरवर्षी नवीन शिवायला लावतो. माझी गिऱ्हाइकं त्यामुळेच टिकून आहेत. होती, म्हणायला हवं आता.

एका बाईने विचारलं, तुमच्या मुलीचं माप कधी घेता? म्हटलं, घरच्या पोरीचं माप घ्यायचं असतं का? ते तोंडपाठ आहे मला. दरवर्षी एक इंच उंचीला, अर्धा कंबरेला. फक्त आतल्या दुमडीत लाल दोऱ्याचे दोन टाके घालते. शाळेत सगळे स्कर्ट सारखेच, अदलाबदल नको.

आमची कन्या सोळा वर्षांची आहे, पण पसारा सहा वर्षांच्या मुलीचा. मात्र हल्ली सुधारतेय. स्वतःचे कपडे स्वतः धुते, स्वतः इस्त्री करते, मला हात लावू देत नाही. अक्कल यायला सुरुवात झाली, म्हणायचं.

२८ जानेवारी

कन्येने धावण्याच्या संघातून नाव काढून घेतलं. गेल्या वर्षी याच मुलीने धावायचे बूट हवेत म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. विचारलं तर म्हणे अभ्यास आहे. अभ्यासासाठी खेळ सोडणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. कोणाशी तरी भांडण झालं असणार. तिच्या शिकवणीला येणाऱ्या त्या स्टेशनरीवाल्याच्या मुलाचं नाव पूर्वी दर वाक्यात असायचं, तेही आता नसतं. बरंच झालं.

४ फेब्रुवारी

आज पडद्याआड कुजबुज ऐकू आली. दोऱ्याचं रीळ शोधायच्या निमित्ताने गेले, तर आत काजेवाली आणि कन्या. मला बघून दोघी गप्प. काजेवालीच्या तोंडात टाचण्या होत्या.

"काय चाललंय?"

"हुक तुटला होता काकू. लावून देत होते."

हुक लावायला तोंडभर टाचण्या कशाला लागतात? कन्या अंगात स्वेटर घालून माझ्या बाजूने सटकली. इतक्या उन्हात स्वेटर. फॅशन म्हणे.

मला आता वेगळीच शंका येतेय. ही बाई माझं कापड तर नेतेच आहे, पण पोरीच्या कानातही काहीतरी भरतेय. जिने स्वतःचं वाटोळं करून घेतलं, ती दुसरीला काय शिकवणार? रात्री कन्येला बजावलं, दुकानात तिच्याजवळ बसायचं नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना कन्येने अचानक विचारलं, "आई, काजेवालीला तिच्या आईने घराबाहेर काढलं, ते बरोबर केलं का?"

म्हटलं, "नाहीतर काय आरती ओवाळायची होती? आईबापाचं नाक कापलं तिने."

"आणि तो मुलगा?"

"मुलाला काय होतं? मुलीने आपलं आपण सांभाळायचं असतं."

"कसं सांभाळायचं ते तिला कोणी सांगितलं होतं का?"

म्हटलं, या गोष्टी काय सांगायच्या असतात? जेव आता. तर ताट तसंच ठेवून उठली. हल्ली जरा काही बोललं की फुगा. हे ट्रकवर असतात, महिनामहिना घरी नाहीत, त्यामुळे सगळे रुसवेफुगवे माझ्याच वाट्याला.

प्रश्न तिचे नव्हेत, एवढं मला कळतं. कोणाच्या तोंडचे आहेत तेही कळतं.

१७ फेब्रुवारी

पकडली.

काजेवाली दुपारी पोरीला घेऊन नळावर गेली तेव्हा तिची पिशवी उघडली. लिहायला लाज वाटत नाही, माझं दुकान आहे. आत शाळेचा निळा स्कर्ट. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवलेल्या, दाब सगळा काढून वापरलेला, तोही पुरला नाही म्हणून दोन्हीकडे नव्या कापडाच्या पट्ट्या घातलेल्या. माझ्या थानातल्या. स्कर्ट मूळचा माझ्याच हातचा, माझी टीप मी ओळखते. म्हणजे माझ्याच गिऱ्हाइकाचा कपडा ही परस्पर मोठा करून देतेय. कोणीतरी चांगली जाडजूड मुलगी दिसते.

ती आली. स्कर्ट तिच्यापुढे टाकला.

"कोणाचा आहे?"

ती पोरीचे ओले हात पुसत राहिली.

"किती दिवस चाललंय हे?"

म्हणाली, "कापड मी घेतलं. मजुरीतून कापून घ्या."

"कोणाचा आहे ते सांग, म्हणजे त्या गिऱ्हाइकालाही बघून घेते."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी सांगावं की नको असं. मग टेबलाखालून पोरीला ओढून कडेवर घेतलं आणि पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाली, "काकू, स्कर्ट पूर्ण करा. उद्या सकाळी लागेल."

उर्मटपणाला सीमा असते. स्कर्ट मी टेबलावर तसाच ठेवलाय. ज्याचा असेल तो येईलच शोधत.

१८ फेब्रुवारी

कोणी आलं नाही.

कन्या सकाळी उठली नाही. पोटात दुखतंय, शाळेत जाणार नाही म्हणाली. मी म्हटलं, गणवेश घाल आणि नीघ, परीक्षा तोंडावर आहे. तिचा स्कर्ट दांडीवर बघितला, नव्हता. कपाटात नव्हता. बादलीत नव्हता.

मग मी दुकानात आले आणि टेबलावरच्या स्कर्टची दुमडी उलटी केली. लाल दोऱ्याचे दोन टाके होते.

टेप काढून स्कर्टची कंबर मोजली. पुन्हा मोजली. मला टेपच चुकीची वाटली, म्हणून दुसरी टेप आणली.

आत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "स्वेटर काढ," म्हटलं. तिने काढला. मी टेप तिच्या कंबरेभोवती धरली. आकडा वाचायची गरज नव्हती.

मी हात उचलला होता हे खरं आहे. तिने तोंड चुकवलं नाही, फक्त पोटावर दोन्ही हात ठेवले. मग माझा हात खाली आला.

२२ फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही. दुकान बंद आहे. बाहेर पाटी लावलीय, मशीन नादुरुस्त.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाचवा महिना संपलाय. अंगात रक्त कमी, गोळ्या दिल्यात. म्हणाल्या, "हिचं स्वतःचंच शरीर अजून पुरतं वाढलेलं नाही, दोघांना पुरवणार कुठून? आता दर महिन्याला आणायचं. आधी का नाही आणलंत?" मी काय सांगणार? दिवसाला दहा मुलींच्या कंबरा मोजते मी.

मुलगा तोच, स्टेशनरीवाल्याचा. त्यांच्या घरी गेले. त्याच्या आईने दारातच उभं केलं. म्हणाली, आमच्या मुलाचं वर्ष आहे, त्याला यात ओढू नका, आणि पुरावा काय? आतून तो पाठांतर करत असल्याचा आवाज येत होता. मोठ्याने चाललं होतं.

कन्येला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काजेवालीबद्दल तू काय काय बोलतेस ते मी रोज ऐकत होते ना."

"मग तिला सांगितलंस?"

"नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं. डॉक्टरकडे चल म्हणून मागेच लागली होती. मीच तिला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

मला रागच येतोय, अजूनही. कोणावर ते सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी

यांचा रस्त्यातून फोन आला. सांगून टाकलं. पलीकडून फक्त गाड्यांचे आवाज. मला वाटलं फोन कट झाला, किंवा आता शिव्या सुरू होतील. मग म्हणाले, "जेवते का ती?"

म्हटलं, थोडं थोडं.

"मग तिला जेवायला घाल. मी येतो."

२७ फेब्रुवारी

कोणीतरी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंकडची झाडूवाली, नाहीतर स्टेशनरीवालीच. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शाळेत बोलावलं.

मोठ्या बाई मला वर्षानुवर्षं ओळखतात. एरवी हसून बोलतात, आज समोर पाण्याचा ग्लास ठेवला तेव्हाच मला संकटाचा वास आला.

"इतर मुलींवर परिणाम होतो. तुम्हीच तिला काढून घ्या, म्हणजे शेरा लिहावा लागणार नाही."

"परीक्षा तोंडावर आलीय बाई. तेवढी देऊ द्या."

"पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी कोणी बघत नाही. माझ्या दुकानात टेबलापाशी बसून एक मुलगी तीन वर्षं काजं करत होती, तिचंही पुढल्या वर्षीच बघणार होते. विचारलं, "आणि तो मुलगा? तो बसणार ना परीक्षेला?"

"त्याच्याबद्दल आमच्याकडे काही माहिती नाही."

"मी देते माहिती."

बाईंनी चष्मा काढला. मग नियम काढला. परीक्षेला पूर्ण गणवेशात, अंगाला नीट बसणाऱ्या, शाळेच्या पद्धतीच्या गणवेशातच यावं लागतं. "आणि तिच्या या अवस्थेत ते शक्य आहे का, तुम्हीच सांगा. तुमचाच धंदा आहे." उठताना म्हणाल्या, नव्या वर्षाचं गणवेशाचं काम कोणाला द्यायचं ते अजून ठरायचंय.

म्हणजे पोरीचा पेपर सोडला तर दुकान राहील. नाहीतर दुकानाचंही कठीण. मी त्यांना एवढंच विचारलं, "गणवेश नीट असेल तर बसवाल?"

नियम त्यांनीच सांगितला होता. नाही कसं म्हणणार?

२८ फेब्रुवारी

स्कर्टवर नुसत्या पट्ट्या घालून भागणार नाही. अंगातला शर्टही आता बसत नाही. मोठ्या बाई टाके मोजतील, आणि एकटीने ते हातकाम मला जमणार नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलं आणि काजेवालीच्या खोलीवर गेले.

तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. पोर मागून वाकून बघत होती.

म्हटलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस, कोणाचा स्कर्ट ते?"

"मी माझ्या आईला माझ्या तोंडाने सांगितलं होतं, काकू. संध्याकाळी मी रस्त्यावर होते. म्हटलं, हिला परीक्षेपर्यंत तरी घर असू दे."

"मी काय तिला घराबाहेर काढणार होते?"

तिने पोरीला मागे सारलं. ताटावरून उठलेली कन्या मला आठवली.

"माझा पेपर राहिला तो राहिलाच," ती म्हणाली. "पास झाल्याचा तो एक कागद नाही म्हणून मला कुठे दारात उभं करत नाहीत. तुम्ही केलंत, पण अर्ध्यात."

हे माझ्या तोंडावर आजवर कोणी बोललेलं नव्हतं. मनात आलं, बाई अडलेली बघून भाव वाढवतेय. मग मनात आलं, वाढवू दे.

"पूर्ण मजुरी देईन. उद्या ये."

"आणि पोर टेबलाखाली बसणार नाही. तिला चिंधीही म्हणायचं नाही. तिला सगळे मनी म्हणतात."

"बरं," म्हटलं. "माझं चुकलं" हे शब्द दारापाशी म्हणायचे होते. ते जिन्यात म्हटले, तेव्हा ती दार लावून आत गेली होती. उद्या पुन्हा म्हणावे लागतील.

१ मार्च

दुकान उघडलं. हेही आलेत. ट्रक गल्लीच्या तोंडाशी लावलाय आणि सकाळपासून बाहेर खुर्ची टाकून बसलेत, कोणी काही बोलायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. ट्रक बराच मोठा आहे.

काजेवाली आली. मनीला स्टुलावर बसवलं. तिला आता टेबलावरचं सगळं दिसतं, त्यामुळे टाचण्यांचा डबा लपवावा लागला. मी कापड झटकता झटकता म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "हं," आणि सुईत दोरा ओवला. एवढ्यावर सुटले की नाही, काही कळत नाही.

मग कन्येला पडद्याआड उभं केलं. कितीतरी वर्षांनी तिचं माप घेतलं. तिने डोळे गच्च मिटले होते, इंजेक्शन घेताना मिटायची तसे. मी टेप हळू धरली. छाती, कंबर, पोट, खांदा. आकडे मोठ्याने सांगत होते, कारण काजेवाली पलीकडे लिहून घेत होती. पोटावर टेप होती तेव्हा आतून काहीतरी हललं. कन्या दचकून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, काही नाही, असं होतं. तिला हेही कोणी सांगितलेलं नव्हतं. मग मी पडदा नीट ओढून घेतला आणि जे आधी सांगायला हवं होतं त्यातलं थोडं सांगितलं. बाकीचं रोज थोडं थोडं सांगेन.

कापड टेबलावर पसरलं. खडू हातात घेतला. काजेवालीने विचारलं, "दाब किती सोडायचा काकू?"

सवयीने तोंडातून गेलं, "भरपूर सोड. पोर अजून वाढायचीय."

तिने मान वर केली. कन्या पडद्यापाशी उभी होती, हातात काढलेला स्वेटर, पाय अनवाणी, एका पायावर दुसरा पाय घासत, लहानपणी करायची तशी. वाढायचीच आहे अजून. मला रडू आलं, आणि मी ते दोघींसमोर रडून घेतलं. मनीने मला एक चिंधी दिली, नाक पुसायला.

१० मार्च

पहिला पेपर.

स्कर्टला पुढे चुण्या दिल्यात, शाळेच्या पद्धतीच्या, मोजून तेवढ्याच. शर्टची काजं काजेवालीने अशी केलीत की त्यांच्यावरून बोट फिरवत राहावं. आतल्या दुमडीत लाल टाके मी घातले.

मोठ्या बाई स्वतः दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कन्येची कॉलर बघितली, बाही बघितली, स्कर्टची लांबी बघितली. एक चुणी बोटाने उलटून पाहिली. मागून मुलं आत जात होती. स्टेशनरीवाल्याचा मुलगाही गेला, मान खाली घालून. त्याला कोणी थांबवलं नाही. त्याची पँटही मीच शिवलेली आहे.

"नीट आहे ना बाई?" मी विचारलं.

त्या बाजूला झाल्या. कन्या आत गेली. चालताना एक हात पाठीवर होता, दुसऱ्यात कंपासपेटी.

सोबत आलेली काजेवाली म्हणाली, "चला काकू, दुकान उघडायचंय." गणवेशाचं काम मिळणार की नाही ते अजून कळवलेलं नाही, तेव्हा दुकान उघडून तरी काय उजेड पडणार, कोण जाणे. तिला म्हटलं, तू हो पुढे. मी समोरच्या पायरीवर बसले. आत घेतलंय खरं, पण मध्येच काहीतरी नियम काढून बाहेर पाठवतील. या शाळेवाल्यांचा काही भरवसा नाही.

पेपर सुटेपर्यंत मी तिथून हलले नाही.